अर्ध्या आण्यात अख्खा देश : टपालाच्या दरातून अंतर कसं गेलं आणि कसं परत आलं

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन खाली देत आहोत. वाचायला सोपं जावं म्हणून किरकोळ फेरफार केले आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं आहे.)

आजचा विषय तसा रोजचा आहे. पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून पत्र किंवा पार्सल पाठवणं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे कधी ना कधी केलंय. पाकीट तराजूवर ठेवायचं, पलीकडचा माणूस वजन बघतो, पत्ता बघतो आणि आकडा सांगतो. आपण पैसे देतो, पावती घेतो, निघतो.

त्या आकड्यात काय काय मोजलेलं असतं, हा आजच्या भागाचा प्रश्न आहे. वजन मोजलेलं असतं, ते दिसतंच. पण अंतर? कुडाळहून सावंतवाडीला जाणारं पत्र आणि कुडाळहून गुवाहाटीला जाणारं पत्र, दोघांना एकच तिकीट का लागतं? एक तासाभरावर जातं, दुसरं अर्धा देश ओलांडतं. मग पैसे सारखे कसे?

हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विचित्र आहे असं वाटतच नाही. पण हा नियम कुणीतरी ठरवला, त्यासाठी वाद झाले, आणि त्याला एक नेमकी तारीख आहे. १ ऑक्टोबर १८५४. आज त्या तारखेच्या मागेपुढे फिरून येऊ. शेवटी अगदी अलीकडे, म्हणजे २०२५ साली, याच नियमाला एक चीर गेली आहे, तिथपर्यंत जाऊ.

सावकाराचा जासूद

सुरुवात पानिपतापासून करू. लढाई नाही सांगत, ती तुम्हाला माहीत आहे. लढाईची बातमी कशी पोचली ते सांगतो.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे व्हायचं ते झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात भेलशाजवळ होते. तिथे साधारण दहाव्या दिवशी त्यांच्या लोकांना एक जासूद सापडला. हा सरकारी जासूद नव्हता. एका सावकाराचं पत्र घेऊन तो दक्षिणेत, औरंगाबादेकडे निघाला होता. पत्र फोडलं तर त्यात मोती गेले, मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही, अशा सराफी भाषेत सगळी हकिगत होती. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. पेशव्यांना आपल्या मुलाची आणि भावाची बातमी कळली ती अशी, दुसऱ्याच्या टपालातून.

या गोष्टीत करुण भाग आहेच. आपल्या विषयासाठी मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळात देशात टपाल होतं, चांगलं वेगवानही होतं. राजाचे जासूद होते, हरकारे होते, आणि सावकारांची स्वतःची महाजनी डाक होती. हुंड्यांचा व्यवहार त्यावरच चालायचा. फक्त हे टपाल ज्याचं त्याचं होतं. ज्याला जासूद पोसणं परवडतं, त्याचं पत्र जातं. ज्या दोन पेठांमध्ये व्यवहार आहे, त्या दोन पेठांमध्ये जातं. मधल्या गावातल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्याला निरोप पाठवायचा तर वाटसरू शोधायचा, वारकरी शोधायचा, नाहीतर स्वतः चालायचं.

मैलांवर मोजलेला दर

ईस्ट इंडिया कंपनीने आपलं टपाल आधी स्वतःच्या कारभारासाठीच उभं केलं. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात ते सामान्य लोकांना पैसे भरून वापरता येईल असं झालं. दर होता शंभर मैलांना दोन आणे. मुंबईत जनरल पोस्ट ऑफिस आलं १७९४ साली.

शंभर मैलांना दोन आणे म्हणजे काय? पत्र जितकं लांब जाईल तितके पैसे जास्त. तर्काला धरून आहे. बैलगाडीवाला तेच करतो, रिक्षावालाही तेच करतो. १८३७ साली टपालाचा कायदा झाला आणि दरांचे तक्ते नीट बसवले गेले, पण तत्त्व तेच राहिलं. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचं पत्र पाठवायचं तर एक रुपया. कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. एक तोळा म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम साडेअकरा ग्रॅम. त्या काळी एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. एवढ्या पैशात कोण कुणाला ‘सर्व क्षेम’ कळवणार?

१८३७ च्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. कंपनीच्या मुलखात पत्रं वाहून नेण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं ठरलं. महाजनी डाकेला कायद्याने बंदी. ही मक्तेदारी लक्षात ठेवा, गोष्टीच्या शेवटी ती परत येणार आहे. त्या वेळी ती सावकारांना निव्वळ जुलूम वाटली असणार. आमचा चालता घोडा बंद करून तुमच्या महागड्या टपालात आम्ही पत्रं का टाकावीत?

पत्र नेणारा होता धावपटू, म्हणजे हरकारा. खांद्यावर थैली, हातात काठी, काठीला घुंगरं. ठराविक टप्पा धावायचा आणि थैली पुढच्याच्या हातात द्यायची. पार्सलं वेगळी जायची, तिला म्हणत बंगी डाक. बंगी म्हणजे आपली कावड. बांबूच्या दोन टोकांना पेट्या. वजन जड, म्हणून चाल हळू. आज पोस्टात पत्राची आणि पार्सलाची खिडकी वेगळी असते, त्या वेगळेपणाचं मूळ इतकं जुनं आहे.

एका शिक्षकाचा हिशेब

आता थोडं इंग्लंडला जाऊ, कारण पुढची कल्पना तिथून आली.

१८३७ मध्येच, म्हणजे आपल्याकडे मैलांचे तक्ते बसत होते त्याच वर्षी, रोलंड हिल नावाच्या एका माणसाने टपालावर एक पुस्तिका लिहिली. हिल हा मूळचा शिक्षक. त्याने खर्चाची फोड केली. लंडनहून एडिंबरोला पत्र नेण्याचा, म्हणजे निव्वळ वाहतुकीचा खर्च किती? त्याचं उत्तर आलं पेनीचा छत्तिसावा भाग. जवळपास काहीच नाही. कारण गाडी तशीही जातेच, तिच्यात पत्रं शेकड्याने असतात. मग पैसे जातात कुठे? ते जातात दोन टोकांना. पत्र घेणं, दर काढणं, नोंद करणं, आणि पोचल्यावर घेणाऱ्याकडून पैसे वसूल करणं.

त्या काळी पैसे बहुधा पत्र घेणारा द्यायचा. पोस्टमन दारात उभा, घरात सुटे पैसे नाहीत, तो पुन्हा येणार. कुणी पत्र घेतच नाही, मग ते परत जाणार. हा सगळा खर्च अंतराशी संबंधित नव्हताच.

हिलने म्हटलं, पैसे आधी घ्या, पाठवणाऱ्याकडून घ्या, आणि सगळ्या देशाला एकच दर लावा. एक पेनी. पैसे भरल्याची खूण म्हणून पाकिटावर कागदाचा एक तुकडा चिकटवा. १८४० साली ब्रिटनने हे केलं आणि जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट आलं. आपण ज्याला पोस्टाचं तिकीट म्हणतो ते मुळात हिशेब कमी करण्याचं साधन होतं, हे विसरायला होतं.

१ ऑक्टोबर १८५४

आपल्याकडे हे यायला चौदा वर्षं लागली. मधे एक प्रयोग सिंधमध्ये झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याला जोडलेला होता. तिथला कमिशनर बार्टल फ्रिअर, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याने १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ नावाची तिकिटं काढली. किंमत अर्धा आणा. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट म्हणून जगभरचे संग्राहक आज ते शोधत असतात.

त्याआधी १८५० मध्ये कंपनी सरकारने टपालाची पाहणी करायला तीन जणांचा आयोग नेमला होता. त्यांनी हिलचाच हिशेब इथल्या परिस्थितीला लावला. इथे तर प्रश्न आणखी अवघड होता. ब्रिटन एवढंसं बेट. हिंदुस्थानात कराची ते आसाम एकच दर? तरीही शिफारस झाली, लॉर्ड डलहौसीच्या काळात कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा लागू झाला. कुठूनही, कुठेही.

अर्धा आणा म्हणजे जुने दोन पैसे. कलकत्ता-मुंबईचा एक तोळ्याचा एक रुपया आठवा. तेच एक तोळ्याचं पत्र आता दोन आण्यांत. आणि पातळ कागदावर चार ओळी लिहिल्या तर अर्ध्या आण्यात.

पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमसुद्धा नाही. लोकांनी त्यावरही तोडगा काढला असणारच. कागद पातळ, अक्षर बारीक, समासात आडवं-उभं लिहिणं. १८६९ मध्ये अर्ध्या आण्यात अर्धा तोळा चालू लागला. मग १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. ‘बेअरिंग’ पत्राची सोयही राहिली. तिकीट न लावता टाका, घेणारा दुप्पट भरेल. गावाकडे ‘बेरंग पत्र आलंय’ म्हणत, ते हेच.

बंगीच्या, म्हणजे पार्सलाच्या दरात मात्र तेव्हा अंतर राहिलं. कावडीला मैल जाणवतात, हे आयोगालाही मान्य होतं.

आता यातलं अर्थकारण बघा. दादरहून गिरगावला जाणाऱ्या अर्ध्या आण्याच्या पत्राचा खर्च कमी येत असणार. दादरहून गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर जाणाऱ्या पत्राचा खर्च जास्त. हिलचं गणित सरासरीचं होतं, आणि सरासरी म्हणजे जवळच्याने लांबच्याचा थोडा भार उचलायचा. हे चालतं एकाच अटीवर. जवळची, फायद्याची पत्रं दुसरं कुणी उचलून नेता कामा नये. म्हणून १८३७ ची ती मक्तेदारी. साम्राज्याने ती स्वतःच्या सोयीसाठी आणली, यात शंका नाही. फौजा हलवायला, महसूल गोळा करायला, पाळत ठेवायलाही. पण एकदा दर एक झाला की त्याच मक्तेदारीचा फायदा आडगावातल्या माणसाला मिळायला लागला. इतिहासात असं कधी कधी होतं.

कल्याणच्या टपाल कारकुनाची बायको

या स्वस्त टपालाने काय काय घडवलं, याची दोन उदाहरणं घेऊ. पहिलं एका माणसाचं, दुसरं लाखोंचं.

डॉ. आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. त्यांचे पती गोपाळराव कुठे नोकरीला होते? टपाल खात्यात. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, पुढे बंगाल, अशा त्यांच्या बदल्या टपालाच्याच. बायकोला शिकवायचं या ध्यासापायी गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना ते मासिक चाळलं. त्यांनी सरळ हिंदुस्थानात पत्र टाकलं.

पुढची तीन वर्षं या दोन बायका एकमेकींना न बघता लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृती ढासळली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा पलीकडे त्यांचं घर तयार होतं, ते पत्रांनी बांधलेलं.

हे शक्य झालं त्याला एक कोरडं कारण आहे. १८७४ साली बर्नमध्ये देशादेशांचा टपाल संघ स्थापन झाला. त्याचं तत्त्व तेच, हिलचंच, फक्त जगाच्या पातळीवर. सभासद देश एकाच टपाल-मुलखासारखे वागतील. हिंदुस्थान त्यात सामील झाला १ जुलै १८७६ ला. म्हणजे कार्पेंटरबाईंच्या पत्राच्या चारच वर्षं आधी. त्याआधी परदेशी पत्राचा दर कोणत्या बोटीने, कोणत्या देशातून जातं यावर ठरायचा. एका टपाल कारकुनाच्या पगारात असा पत्रव्यवहार कितपत चालला असता, तुम्हीच ठरवा.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

मनीऑर्डर आणि व्ही.पी.

दुसरं उदाहरण गिरणगावाचं. योगायोग बघा, ज्या १८५४ साली अर्ध्या आण्याचं टपाल सुरू झालं, त्याच साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या पन्नास वर्षांत लालबाग-परळ गिरण्यांनी भरून गेलं. कामगार आले कोकणातून, घाटावरून. पुरुष मुंबईत, चाळीतल्या खोलीत दहा-बारा जण, जेवण खानावळीत. बायको, म्हातारे, पोरं गावाला.

पगाराचा काही भाग गावी पोचायचा कसा? आधी कुणी जाणारा गाववाला बघायचा. तो वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. १८८० च्या जानेवारीत मनीऑर्डरचं काम सरकारी तिजोऱ्यांकडून काढून पोस्टाकडे दिलं, आणि हे चित्र बदललं. तिजोरी जिल्ह्याच्या गावी असायची, पोस्ट पार खेड्याच्या जवळ गेलेलं होतं. शिवाय पोस्टमन पैसे घरी आणून द्यायचा.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटं कूपन असायचं, दोन ओळी लिहिण्यापुरतं. कित्येक घरांत नवऱ्याचं महिन्याचं पत्र म्हणजे ते कूपन. वाचून दाखवायचा पोस्टमन. अंगठा उठवायचा, साक्षीला शेजारी. पोस्टमन दिसला नाही तर वाण्याची उधारी वाढायची. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला अभ्यासकांनी नावच पाडलं, मनीऑर्डर अर्थव्यवस्था. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. आपण त्या संपाकडे मुंबईतून बघतो. गावातून तो असा दिसला की पोस्टमन येतो, पण आपल्या दाराशी थांबत नाही.

आणि व्ही.पी. १८७७ पासून ही सोय. पार्सल पोस्टमनच्या हातून मिळतं, पैसे त्यालाच द्यायचे, ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. आज ज्याला आपण ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतो ते तुमच्या पणजोबांना चांगलं माहीत होतं. जुन्या मासिकांच्या जाहिराती काढून बघा. औषधं, घड्याळं, हार्मोनियम, पुस्तकं, सगळ्याखाली एकच ओळ, व्ही.पी.ने मागवा. जिथे पुस्तकाचं दुकान नव्हतं अशा तालुक्यात मराठी पुस्तक पोचलं ते या मार्गाने. प्रकाशकांची डोकेदुखीही तीच. मागवणाऱ्याने घेतलं नाही की ‘व्ही.पी. परत आली’, आणि जातायेताचा खर्च अंगावर.

सहा आकडे

सगळ्या देशाला एक दर म्हटल्यावर सगळ्या देशातून पत्रं येणार, आणि ती वाटायची तर पत्ते ओळखता आले पाहिजेत. आपल्याकडे वडगाव किती? पिंपळगाव किती, निमगाव किती? त्यात पत्ता कुणी मोडीत लिहिणार, कुणी उर्दूत, कुणी तमिळमध्ये. आगगाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं लावणारे आर.एम.एस.चे लोक यातले खरे जाणकार.

या गोंधळावर उत्तर काढलं एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि कवी, टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची पिन कोडची पद्धत सुरू झाली. देशाचे आठ भौगोलिक विभाग, नववा लष्कराचा. पहिला आकडा विभागाचा. आपला चार, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ४०० ००१ म्हणजे मुंबई जीपीओ, गोलघुमटाची आठवण करून देणारी ती घुमटाची इमारत. ४०३ ने सुरू झालं की गोवा. भाषा कुठलीही असो, आकडे वाचता आले की पत्र योग्य थैलीत पडतं. आज ऑनलाइन मागवताना आपण आधी पिन टाकतो, खासगी कंपन्याही तोच वापरतात. पोस्टासाठी केलेली सोय सगळ्यांच्या कामी आली.

अंतर परत आलं

आता आजच्या काळात येऊ.

१ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट आलं, कुरिअर कंपन्यांना उत्तर म्हणून. साधं पत्र आणि रजिस्टर पोस्ट यांचे दर वजनावर होते, स्पीड पोस्टच्या दरात अंतरही आलं. ते बरोबरही होतं. घाई आहे, जास्त पैसे द्या. ज्याला घाई नाही त्याला रजिस्टर होतंच.

रजिस्टर ए.डी. हा शब्द आपल्या घरात कसा यायचा आठवा. जमिनीची नोटीस, बँकेची नोटीस, नोकरीचा कॉल, कोर्टाचं समन्स. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात कलमच आहे. पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं आणि पत्र रजिस्टरने टाकलेलं असेल, तर ते पोचलं असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून ती पोचपावती लोक देवघराच्या फडताळात जपून ठेवायचे. गरीब माणसाच्या हातातला तो सगळ्यात स्वस्त कायदेशीर पुरावा होता.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्टवर जादा शुल्क भरून ‘नोंदणी’ घेता येते, म्हणजे पत्र फक्त पत्त्यावरच्या माणसालाच मिळेल. सोय गेली नाही, हे आधी स्पष्ट करू. पत्र लवकर जातं, मोबाइलवर माग काढता येतो, ह्या चांगल्याच गोष्टी आहेत.

पण दर बघा. पूर्वी २० ग्रॅमपर्यंतचं रजिस्टर पत्र करासकट साधारण २६ रुपयांत देशात कुठेही जायचं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या तक्त्यात ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये, गावाबाहेर ४७. वजन वाढलं की बाहेरगावच्या दराला अंतराचे टप्पे लागतात. नोंदणीचे ५ रुपये आणि कर धरला तर गावातल्या गावात २८-२९ रुपये, म्हणजे जवळपास पूर्वीइतकेच. बाहेरगावी साठीच्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त वाढ झाली ती लांबच्या पत्राला. तारीख पुन्हा १ ऑक्टोबर, आणि मधे गेली १७१ वर्षं.

हे का झालं, तेही त्याच जुन्या गणितात आहे. १८९८ च्या कायद्यातही पत्रांवर सरकारचा एकाधिकार होता, पण कुरिअरवाले ‘पत्र नव्हे, दस्तऐवज’ म्हणत मोठ्या शहरांमधली फायद्याची पाकिटं कधीच घेऊन गेले होते. २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला, त्यात तो एकाधिकार उरलेलाच नाही. जवळच्याने लांबच्याचा भार उचलायचा, तर जवळचा आपल्याकडे असायला हवा. तो गेला की लांबच्याकडून त्याचा पूर्ण खर्च मागायचा, किंवा सरकारने तूट भरायची, हे दोनच मार्ग राहतात. सावकाराचा जासूद परत आलाय म्हणा ना. वेगवान आहे, भरवशाचा आहे, आणि जिथे व्यवहार आहे तिथेच जातो.

मला यात ‘पूर्वीचं सगळं छान’ असं म्हणायचं नाही. कारखानदाराच्या पाकिटाला सरकारी सवलत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण मेळघाटातल्या बाईला नागपूरच्या कचेरीत अर्ज पाठवायचाय, तिचं लांब असणं हा तिचा गुन्हा आहे का? १८५४ चं उत्तर होतं, नाही. कंपनी सरकारने, ज्याला लोककल्याणाशी फारसं घेणंदेणं नव्हतं, त्यानेसुद्धा हे उत्तर दिलं. आपण निवडून दिलेल्या सरकारांनी ते बदलताना निदान चर्चा तरी व्हायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं.

तत्त्व पूर्ण मेलेलं नाही. साधं पत्र अजून वजनावरच जातं, ५ रुपयांत. पोस्टकार्ड अजून ५० पैशांत, छापायचा आणि पोचवायचा खर्च त्याच्या कित्येक पट असूनही. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, देशात कुठेही. शाळेच्या ग्रंथालयांना पुस्तकं पाठवणाऱ्यांनी हे जरूर टिपून ठेवा, अजून फार कुणाला माहीत नाही. आणि देशात आजही सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली दहापैकी नऊ खेड्यांत. एवढं जाळं नव्याने कुणी विणणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी खिडकीशी उभे राहिलात आणि आतून आकडा ऐकू आला, की एक विचारा, यात वजनाचे किती आणि अंतराचे किती? उत्तरावरून कळेल आपण १८५४ च्या अलीकडे उभे आहोत की पलीकडे.

तुमच्या घरात जुनी मनीऑर्डरची कूपनं, पोचपावत्या, बेरंग पत्रं असतील तर त्यावर काय लिहिलंय ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तारेबद्दल बोलू. ‘तार आली’ म्हटल्यावर घरात आधी रडारड का सुरू व्हायची, तिथून सुरुवात करू.